बिनपत्त्याचा दौलत

१

"आत्या, दौलतची जोडणी गेली. यादीतच नाहीये."

शुक्रवारी सकाळी पावणेआठला माझ्या भाचीचा, क्षितिजाचा फोन आला, तेव्हा माझा पहिला चहाही व्हायचा होता. चहाआधी मी कुणाचं ऐकत नाही. पण क्षितिजा रडत होती, आणि ती सहसा रडत नाही.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी यशोदा विजयकर, राहणार गिरगाव, वय सदुसष्ट. टपाल खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यातली वीस न पोचलेल्या पत्रांच्या कचेरीत. पाकिटावर पत्ता नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही, अशी पत्रं आमच्याकडे यायची. आम्ही ती उघडून, आतल्या मजकुरावरून माणूस शोधून काढायचो. निवृत्त झाल्यावर पुतण्या-भाच्यांनी मला 'पठण'च्या लोकांत नेऊन बसवलं. पठण हे पडद्यावरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे आणि खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही बघावा, सुधारावा, बाहेरून त्याला आपली जोडणी, म्हणजे जादा सोय देणारा कोडचा तुकडा, लावावी. मला कोडमधलं काही कळत नाही. ते बोलतं ते मराठी माणसासारखं बोलतं का, एवढं मी बघते आणि नसेल तर चारचौघांत सांगते.

क्षितिजाला जन्मापासून दिसत नाही. सोमवारी तिचा संख्याशास्त्राचा पेपर होता. गेल्या वर्षी याच पेपराला तिला लेखनिक दिला होता, आणि त्या बिचाऱ्या पोरीनं तक्त्यातले आकडे एका रकान्यातले दुसऱ्यात वाचले. क्षितिजा नापास झाली. मग सहा महिने भांडून तिनं कॉलेजकडून परवानगी मिळवली, की यंदा पेपर कॉम्प्युटरवर, तिच्या कानांनी आणि तिच्या हातांनी. पण नुसतं पठण तक्ता वाचतं तेव्हा "बारा, सतरा, चाळीस, नऊ" असं वाचत सुटतं, कुठला आकडा कशाचा याचा पत्ता नाही. दौलत नावाच्या बाहेरच्या एका माणसानं लिहिलेली जोडणी लावली की ते "दादर, स्त्रिया, बारा" असं नीट सांगतं.

"तुझ्या लॅपटॉपवर आहे ना ती?" मी विचारलं.

"माझ्या लॅपटॉपवर परीक्षा नाही, आत्या. कॉलेजचे सर उद्या पाच वाजता परीक्षेच्या मशीनवर सगळं घालणार, आणि फक्त पठणच्या अधिकृत यादीतलंच. मग मशीन सील. यादीत नसेल तर मला परत लेखनिक घ्यावा लागेल."

"कुणी काढली?"

"तेच तर! साइटच्या लॉगमध्ये नोंद आहे. गुरुवारी दुपारी तीन दहा. काढणारा, दौलत."

२

आमची बैठक परळला भरते, एका जुन्या व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत. व्यायामशाळा हितेंद्रच्या घरच्यांची. खाली मल्लखांब, वर आम्ही. एरवी रविवारी सकाळी जमतो, पण त्या शुक्रवारी संध्याकाळी सहालाच सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे माझ्यासकट चार.

अभय हा पठणचा जनक. दादरला कॉलेजात शिकवतो, आणि त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय कोडची एक ओळ आत जात नाही. आज त्याचा चेहरा 'मी सांगत नव्हतो?' असा होता.

"यशोदाबाई, बाहेरचा माणूस हा असाच," तो म्हणाला. "नाव दौलत, आडनाव नाही, पत्ता नाही. चौदा महिने काम केलं आणि एका दुपारी जोडणी काढली, अकाउंटही बंद केलं. आता मेसेज पाठवायचा तर कुठे?"

"मग तू परत चढव की. खुला कोड आहे. तुला कोण अडवतंय?"

"का काढली ते कळल्याशिवाय नाही." अभय चष्मा पुसायला लागला. "लेखकानं स्वतः काढली, म्हणजे त्याला त्यात काहीतरी खोट सापडली असणार. समजा ती आकडे चुकीचे वाचत असेल? परीक्षेत? क्षितिजाला कळणारही नाही. लेखकानं येऊन सांगावं, की खोट नाही. दुसऱ्या कुणी त्याच्या नावानं मेसेज केला तर तोही मी मानणार नाही."

त्याचा राग आला, पण म्हणणं खोडता येईना.

हितेंद्र लालबागचा, तिशीतला, मोठ्या तोंडाचा आणि मोठ्या मनाचा. तक्ते वाचायचं काम मुळात त्यानं अंगावर घेतलं होतं. दोन वर्षं 'होतंय, होतंय' चाललं होतं, तेवढ्यात दौलत आला आणि करून गेला. दौलत गेल्यावर फायदा कुणाचा, असं कुणी विचारलं असतं तर बोट त्याच्याकडेच गेलं असतं. पण तो खिडकीशी उभा होता आणि चेहरा सुतकी होता.

"तुझं काम कुठवर आलं रे?" मी विचारलं.

"झालंय जवळजवळ," तो म्हणाला. "थोडं राहिलंय. पण त्याचं काय आता, मावशी... दौलत असा नाही. काहीतरी झालंय त्याला."

तिसरी अनुजा. ही आमची स्वागताध्यक्ष. बाहेरून कुणी एवढीशी चूक दाखवली तरी तिचं चार ओळींचं गोड उत्तर जातं, वर फुलांचं चित्र. तिला कोड येत नाही, माणसं येतात.

"अनुजा, या आठवड्यात तू दौलतला काही—"

"नाही. काहीच नाही पाठवलं मी."

माझा प्रश्न पुरा झाला नव्हता. पत्रांच्या कचेरीत एक गोष्ट शिकले होते, की न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं तर ते जपून ठेवावं.

मधेच चहा आला आणि भांडण तेवढ्यापुरतं थांबलं. हितेंद्रच्या वहिनी, दर्शना, नेहमी आणून देतात. खाली त्या मुलींना दोरीचा मल्लखांब शिकवतात, त्यातच आमचीही सोय बघतात. कप खाली लागतात म्हणून आमचं पिऊन होईस्तोवर दाराशी थांबल्या, कप गोळा केले, गेल्या. आम्ही पुन्हा भांडायला मोकळे झालो. आठला उठलो तेव्हा हाती काही नव्हतं.

जिन्यात अनुजानं माझा हात धरला. "ताई, मी खोटं बोलले," ती कुजबुजली. "पण अभयसरांसमोर नाही सांगू शकत."

३

"सत्कार," अनुजा म्हणाली. आम्ही व्यायामशाळेच्या फाटकाशी उभ्या होतो. "वर्धापनदिनाला दौलतचा सत्कार करायचा ठरवलं होतं आम्ही. शाल, श्रीफळ, मानपत्र. अभयसरांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, बाहेरच्यांना डोक्यावर बसवू नका. म्हणून गुपचूप. बुधवारी मी दौलतला पत्र पाठवलं."

"दाखव."

तिनं फोन पुढे केला. पत्र सुंदर होतं. शेवटी लिहिलं होतं: 'कृपया आपलं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, शिक्षण, नोकरी आणि एक फोटो पाठवावा, म्हणजे स्टेजवर परिचय करून देता येईल. कुटुंबीयांना आवर्जून घेऊन यावं.'

"बुधवारी पत्र, गुरुवारी माणूस गायब," मी म्हटलं.

अनुजाचे डोळे भरले. "मी काय वाईट केलं, ताई? आपल्याकडे कुणी चांगलं काम केलं तर शालच घालतात ना?"

"घालतात. माझ्याकडे सहा आहेत. कल्पना कुणाची होती, तुझी?"

"नाही. पण कुणाची ते विचारू नका. वचन दिलंय मी."

नाही विचारलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. जोडणीत खोट नव्हती. दौलत स्टेजला घाबरून पळाला होता, आणि नाव लपवणारे लोक स्टेजला घाबरतात ते तिथे आपल्याला कुणीतरी ओळखेल म्हणून. म्हणजे समोर बसणाऱ्यांतलं कुणीतरी त्याच्या ओळखीचं होतं.

शनिवारी सकाळी दौलतचे चौदा महिन्यांचे मेसेज छापून घेतले आणि टेबलावर पसरले. जुनी सवय. पत्र वाचताना मजकूर एकदाच वाचायचा. मग बघायचं, की पत्रात काय यायला हवं होतं आणि आलं नाही.

रविवार आले नव्हते. चौदा महिन्यांत रविवारचा एकही मेसेज नाही. एरवी दौलत दुपारी अडीच ते चार या वेळातच लिहायचा. अशा वेळी रिकामी असणारी माणसं मुंबईत थोडी.

जोडणी नीट चालते का हे तपासायला त्यानं एक नमुन्याचा तक्ता बनवला होता. मुलींची नावं, पुढे पाच पंचांचे गुण, दहापैकी. सगळ्यांत जास्त आणि सगळ्यांत कमी गुण वगळलेले, उरलेल्या तिघांची सरासरी. अभयला वाटलं होतं टीव्हीवरची नाचाची स्पर्धा असेल. असेलही.

आणि मग तो सोमवारचा मेसेज. दहा तारखेचा. 'रकाना रिकामा असेल तर जोडणी पुढचाच आकडा वाचत होती, आता "रिकामा" असं म्हणते.' दोन ओळींचा साधा मेसेज. अभयनं त्याखाली 'छान' लिहून सोडून दिलं होतं.

मी तो तीनदा वाचला. रिकाम्या रकान्याची तक्रार अभयनंच केली होती, नऊ तारखेच्या रविवारी, परळच्या खोलीत, तोंडानं. 'लिहून टाकतो नंतर' म्हणाला आणि विसरला. साइटवर शोधलं, ग्रुपवर शोधलं. कुठेही त्याबद्दल अक्षर नव्हतं. ते वाक्य आमच्या खोलीबाहेर गेलंच नव्हतं.

म्हणजे दौलत त्या रविवारी आमच्या खोलीत होता.

४

खोलीत खुर्च्या चार, माणसं चार.

अभय नव्हे. गेल्या मार्चमध्ये तो दौलतशी एका ओळीवरून नऊ दिवस भांडला होता आणि हरला होता. स्वतःशी भांडून स्वतःच हरायला फार मोठं मन लागतं, तेवढं अभयचं नाही. अनुजा नव्हे, तिला कोड येत नाही. हितेंद्र नव्हे. दोन वर्षं जे जमत नव्हतं ते जमलं असतं, तर त्यानं लालबागच्या नाक्यावर फ्लेक्स लावला असता. आणि मी एका बोटानं टाइप करते.

चौघेही गेले. मी डोळे मिटून तो रविवार पुन्हा आठवायला लागले. अभय उभा राहून बोलत होता. हितेंद्र बिस्किटं खात होता. बिस्किटं कुठून आली? चहाबरोबर.

मला एकदम लाज वाटली. चौतीस वर्षं मी लोकांना सांगत आले, की पत्रावर नाव नसलं तरी माणूस असतोच. आणि दर रविवारी एक बाई त्या दाराशी दहा-दहा मिनिटं उभी राहते, ती मला मोजताना आठवली नव्हती. आमच्या साइटवर पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आहे, 'सर्वांचं स्वागत'. त्या बाईला 'बसा' असं आमच्यातलं कुणी म्हणालं नव्हतं.

घड्याळात एक वाजला होता. मी चप्पल घातली आणि थेट टॅक्सी केली.

५

व्यायामशाळेत सहा-सात मुली होत्या. एक दोरावर चढत होती, पायाच्या अंगठ्यात दोर पकडून, मान वर. दर्शना खालून सांगत होत्या, "डावा पाय सोड. आता फिर. शाब्बास." चढणाऱ्या मुलीचे डोळे मिटलेले होते. मग माझ्या लक्षात आलं, की बाकीच्या मुलीही आवाजाच्या दिशेनं बघत नव्हत्या, कान देत होत्या.

"या अंधशाळेतल्या मुली," दर्शना म्हणाल्या. "दोर हाताला कळतो, डोळे लागत नाहीत. काय हवं होतं, मावशी? वर कोणी आलं नाही अजून."

"स्पर्धेत यांना गुण किती पंच देतात?"

"पाच. जास्तीचा आणि कमीचा सोडून..." त्या थांबल्या.

"दौलत कोण?" मी विचारलं.

त्यांनी मुलींना पाणी प्यायला सांगितलं आणि भिंतीशी गादीवर बसल्या. मीही बसले. खाली बसले की मला उठवायला माणूस लागतो, पण त्या वेळी आठवलं नाही.

"माझे वडील," त्या म्हणाल्या. "देवगडला असतात. लग्नाआधी मी पाच वर्षं कोड लिहायचे, अंधेरीला, कंपनीत. मग मुलगी झाली, सोडलं. नऊ वर्षं झाली. घरात सगळे विसरले, मीपण विसरत चालले होते. या मुली स्पर्धेहून आल्या की गुणांचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यायच्या. एक दिवस एकीनं विचारलं, बाई, आम्हाला आमचे आम्ही नाही का वाचता येणार? भावजींना तीनदा सांगितलं. करतो म्हणाले. मग दुपारी मुलगी शाळेत गेली की मीच बसायला लागले."

"मग स्वतःचं नाव का नाही घातलं?"

"कसं घालू? ते काम भावजींनी अंगावर घेतलेलं. घरातलीच बाई त्यांच्या हातातलं काढून घेतेय असं झालं असतं." त्या दोराकडे बघत होत्या. "तेवढंच असतं तरी चाललं असतं. पण ते दौलतला लिहायला लागले, मावशी. खाजगी. म्हणाले, माझं होत नाहीये. घरी सगळ्यांना सांगितलंय की झालंय, आता तोंड कसं दाखवू. हे त्यांनी सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. आणि मी... मी दौलत म्हणून त्यांना धीर दिला, आणि जेवताना वाढायलापण मीच. सत्काराचं पत्र आलं तेव्हा पाचावर धारण बसली. ते समोर बसणार, आणि मी शाल घेणार? म्हटलं, काढूनच टाकते. जागा मोकळी झाली तर भावजी पुरं करतील, त्यांचं तरी लागेल यादीत."

"त्यांचं लागणार नाही. आणि सोमवारी माझ्या भाचीचा पेपर आहे."

मी सगळं सांगितलं. लेखनिक, चुकलेले रकाने, पाच वाजताचं सील. दर्शनांनी तोंडावर हात ठेवला.

"देवा! मला वाटलं, ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे राहील. आत्ता मेसेज करते अभयसरांना."

"तो मानणार नाही. अकाउंट तुम्ही पुसलंत. लेखकानं समोर येऊन सांगायला हवं, असं म्हणतो तो."

"भावजी असणार तिथे?"

"साडेचारला सगळे येतायत."

मी आग्रह केला नाही. क्षितिजा माझा जीव की प्राण आहे, पण दुसऱ्याच्या घरातला माणूस पणाला लावायला सांगायचा मला काय अधिकार? एवढंच म्हटलं, "मी तुमचं नाव घेणार नाही. यायचं तर तुम्हीच या." मग एका मुलीनं मला हात देऊन उठवलं.

६

साडेचार वाजता मी तिघांना सांगितलं, की जोडणीत खोट नाही, दौलत सत्काराला घाबरून गेला. अनुजा रडली. अभयला सत्काराचं पहिल्यांदाच कळलं, त्यानं तिच्याकडे रागानं पाहिलं आणि मला म्हणाला, "हा तुमचा तर्क झाला, यशोदाबाई. लेखक कुठे आहे?"

"येईल."

"केव्हा? वीस मिनिटं राहिलीत."

पावणेपाच झाले. क्षितिजाचा फोन आला, मी कट केला. मग जिन्यावर पावलं वाजली.

दर्शना दारात आल्या. हात रिकामे होते. हितेंद्र म्हणाला, "वहिनी, आज चहा नको गं."

"चहा नाही आणला," त्या म्हणाल्या. "अभयसर, रिकामा रकाना आला की जोडणी आधी मथळा बघते, मग ओळ. पूर्वी ती रिकामी जागा मोजतच नव्हती, म्हणून पुढचा आकडा आधीच्या नावावर जायचा. मार्चमध्ये तुम्ही ज्या ओळीवरून भांडलात, ती होती म्हणूनच हे दुरुस्त करता आलं. जोडणीत खोट नाही. मी काढली ती माझ्या कारणानं."

अभयनं चष्मा काढला, परत घातला. मग त्यानं चार प्रश्न विचारले, भराभर, आणि चारही उत्तरं तेवढ्याच भराभर आली. पाचवा प्रश्न त्यानं विचारला नाही. खुर्ची सोडून उभा राहिला.

मी हितेंद्रकडे बघत होते. तो हळूहळू लाल होत गेला.

"तू," तो म्हणाला. "म्हणजे मी जे काय लिहिलं..."

"हो, भावजी."

"आणि गणपतीत, घरी सगळ्यांसमोर, आई विचारत होती तेव्हा तू म्हणालीस, हितेंद्रचं काम मस्त झालंय."

"हो."

"तुला माहीत होतं की झालं नाहीये."

"माहीत होतं." दर्शना रडत होत्या, पण नजर खाली घातली नव्हती. "चुकलं माझं. तुमचं वाचायला नको होतं मी."

पाचला नऊ मिनिटं होती. अभय खाकरला आणि ओशाळून म्हणाला, "नियम आहे. बाहेरच्या जोडणीला आतला एक माणूस जबाबदार लागतो. काही बिघडलं तर उत्तर देणारा. कोण?"

"मी," हितेंद्र म्हणाला. "माझं नाव घाल. पण आधी तिचं. आणि दौलत नको, दर्शना लिही." मग तो अनुजाकडे वळला. "सांगून टाक गं आता. सत्कार माझ्या डोक्यातून निघाला होता. वर्षभर एका माणसानं मला सांभाळून घेतलं, म्हटलं, त्याचे हात तरी धरावे एकदा."

चार छप्पन्नला जोडणी यादीत चढली. पाच वाजून दोन मिनिटांनी क्षितिजाचा फोन आला. "आत्या, सरांनी घातली. वाचतेय! पण लेखकाचं नाव बदललंय. ही दर्शना कोण?"

"उद्या घेऊन येते तिला," मी म्हटलं.

फोन ठेवला तर हितेंद्रनं आपली खुर्ची दर्शनांकडे सरकवली होती आणि स्वतः खोक्यावर बसला होता. लॅपटॉपवर त्याचा दोन वर्षांचा अर्धवट कोड उघडा होता.

"हे इथं अडलंय," तो म्हणाला. "घरी सांगू नकोस म्हणत नाही मी. आईला आज मीच सांगतो. फक्त हे कसं सोडवलंस ते शिकव."

दर्शनांनी डोळे पुसले आणि पडद्याकडे बघितलं. "दहाच मिनिटं हं, भावजी," त्या म्हणाल्या. "खाली मुली थांबल्यात."

दीड तास झाला तरी दोघांचं चालूच होतं. मुली कंटाळून वर आल्या आणि आमच्याभोवती जमिनीवर बसल्या. अभयनं त्यांना एकेकीचं नाव विचारलं आणि लिहून घेतलं.